कानाचा सातबारा

आमच्या घरातील लोखंडी पेटीत एक प्लास्टिकची पिशवी आहे. तीत सातबारा, आठ-अ, पीककर्जाचे पासबुक आणि पीकविम्याच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतात. दोन वर्षांपासून त्याच पिशवीत बाबांच्या कानाच्या तपासणीचा एक कागदही आहे. आडव्या-उभ्या रेघांची चौकट, तिच्यात लाल गोल आणि निळ्या फुल्या, आणि त्यांना जोडणाऱ्या, डावीकडून उजवीकडे खाली घसरत गेलेल्या दोन रेषा. त्या कागदाला ऑडिओग्राम म्हणतात. बाबा त्याला ‘कानाचा सातबारा’ म्हणतात आणि मला हेच नाव अधिक पटते. सातबारा पाहिल्याशिवाय जमिनीचा व्यवहार कोणी करत नाही. कानाचा व्यवहार मात्र आपण सर्रास तोंडी करतो.

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात एका खेड्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्णाचा नातेवाईक एवढाच आहे. मात्र गेल्या तीन वर्षांत आमच्या घरातील दोन माणसांचे कान दोन निरनिराळ्या कारणांनी बिघडल्याचे कळले, शाळेत आणि शेजारी आणखी दोघांचे पाहिले, आणि प्रत्येक वेळी वेळ व पैसा अधिक गेला तो उपचारात नव्हे, तर नेमके काय झाले आहे हे कळण्यापूर्वीच्या धावपळीत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मराठीत ‘ऐकत नाही’ या शब्दांचे दोन अर्थ होतात, आणि आमच्या घराने सात-आठ वर्षे त्यांतला चुकीचा अर्थ धरला. बाबा ऐकत नाहीत, म्हणजे हट्टी झाले आहेत, असे आम्ही समजत होतो. त्यांचे वय आता ७३ आहे. शेतीबरोबरच २० वर्षे त्यांनी थ्रेशर चालवला. आधी दुसऱ्याचा, मग स्वतःचा. सोयाबीन निघाले की सोयाबीन, मग हरभरा, मग गहू, असे गावोगाव फिरून ते मळणी करून देत. घरी कोणी मागून हाक मारली तर ते वळत नसत, पण हळू आवाजात त्यांच्याविषयी काही बोलले तर ते नेमके त्यांना कळे, असा आईचा आरोप होता. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : “मले ऐकू येते ना बाप्पा, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.”

हे उत्तर शब्दशः खरे होते, हे आम्हाला फार उशिरा समजले. वयाने किंवा आवाजाच्या माऱ्याने कान जातो तेव्हा तो बहुधा वरच्या पट्टीकडून जातो. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ, ख यांसारखी हवेच्या फुत्काराने बनणारी व्यंजने वरच्या पट्टीची आणि हलकी असतात, ती आधी गळतात. मग बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. एकदा गोऱ्ह्याच्या जोडीचा सौदा करताना समोरचा साठ म्हणाला आणि बाबांनी आठ ऐकले. ‘स’ गळला की ‘साठ’चा ‘आठ’च उरतो. सगळे हसले, बाबाही हसले. मात्र त्यानंतर बाजाराला जाताना ते मला सोबत घेऊ लागले आणि कारण सांगितले ते गुडघ्याचे.

पहिली चूक आम्ही शिबिरात केली. तालुक्याच्या ठिकाणी एका संस्थेने कानाच्या मशीनचे मोफत वाटप ठेवले होते. मंडप, हारतुरे, फोटो असे सगळे होते. नव्हती ती तपासणी. रांगेत नाव लिहून झाले की प्रत्येकाच्या हातात एकसारखा डबा येत होता. कोणाचा कान मळाने भरलेला, कोणाचा वाहता, कोणाचा वयाने मंद झालेला. मशीन सर्वांना एकच. घरी येऊन बाबांनी ते लावले तेव्हा ते शिट्टी मारू लागले, आणि पितळी गंज, म्हणजे पातेले, फरशीवर पडला तेव्हा ते डोके धरून खाली बसले. “थ्रेशर डोक्यात सुरू झाला,” एवढेच ते म्हणाले आणि मशीन पेटीत गेले.

असे का होते, हे नंतर कळले. शिट्टी येते ती कानात नीट न बसलेल्या टोकातून आवाज बाहेर झिरपून पुन्हा मशीनच्या माइकमध्ये शिरतो म्हणून. आणि अंतर्कर्ण बिघडलेल्या माणसाला हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज इतरांइतकाच, कधी त्याहूनही अधिक, बोचतो. त्याच्या दृष्टीने ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांच्यामधील पट्टाच अरुंद झालेला असतो. म्हातारा माणूस आधी “काय?” म्हणतो आणि मग आपण जोरात बोललो की “ओरडतो काहून?” म्हणून चिडतो, तो स्वभाव नसून कानाची अवस्था असते. सगळेच आवाज सरसकट वाढवणारे यंत्र अशा कानावर अत्याचार करते.

यानंतर आम्ही सेवाग्रामच्या रुग्णालयात गेलो. एस.टी.ने वर्धा आणि तेथून ऑटो, असा प्रवास. सकाळी लवकर चिठ्ठी काढली आणि कान-नाक-घसा विभागाच्या बाकावर बसलो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून प्रथम दोन्ही कानांतील मळ काढला. उजव्या कानातून निघालेला गोळा तुरीच्या दाण्याएवढा होता. तो पाहून बाबांना वाटले की काम झाले. डॉक्टर म्हणाले, “हा दाराशी पडलेला कचरा झाला, बाबाजी. घरात काय आहे ते अजून पाहायचं आहे.”

मग त्यांनी एक दोन दांड्यांचा चिमटा काढला. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. तो कोपरावर आपटला की सेकंदाला ५१२ वेळा कंप पावतो. कंप पावणारा चिमटा आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि मग कानासमोर धरायचा, आणि कोठे मोठा ऐकू येतो ते विचारायचे. ही रिने यांची चाचणी, १८५५ सालची. तोच चिमटा कपाळाच्या मध्यावर ठेवून आवाज कोणत्या कानाकडे जातो ते विचारायचे. ही वेबर यांची, ती तर १८३४ सालापासूनची. दीडशे वर्षांहून जुनी, विजेशिवाय चालणारी ही परीक्षा एका मिनिटात सांगते की दोष वाटेत आहे की मुक्कामाला. कानाच्या छिद्रापासून पडदा आणि त्यामागच्या तीन इवल्या हाडांपर्यंतचा भाग म्हणजे वाट. त्यापुढील शंखाकृती नळी आणि तिच्यातून मेंदूकडे जाणारी नस म्हणजे मुक्काम. वाटेतला दोष, म्हणजे मळ, फाटलेला पडदा, मागे साचलेले पाणी किंवा घट्ट बसलेले हाड, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बहुतेक वेळा दुरुस्त होतो. मुक्कामाचा दोष बहुधा परत भरून येत नाही. तेथे यंत्राचा आधार घ्यावा लागतो.

खरा कागद तयार होतो तो बंद खोलीत. खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी पेटीच; आतल्या भिंतींना छिद्रांचे पत्रे आणि त्यामागे आवाज शोषणारा कापूस. बाबांना आत स्टुलावर बसवून हेडफोन लावला आणि हातात एक बटन दिले. काचेपलीकडे बसलेली ऑडिओलॉजिस्ट मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असेल. तिने समजावून सांगितले, “बाबाजी, आवाज कितीही बारीक आला, शंका वाटली तरी बटन दाबा.” बाबांनी मान हलवली आणि पहिली दहा मिनिटे ते दगडासारखे बसून राहिले. बटन अगदी क्वचित दाबले जात होते. मुलीने कागदाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले, उठून दार उघडले आणि विचारले की मघाशी माझ्याशी तुम्ही बरे बोलत होता, मग येथे एवढे कमी कसे ऐकू येते? बाबा म्हणाले, “पक्कं ऐकू आल्याबिगर कायले दाबू? खोटी सही होते ना मंग ते.” तिला हसू आले. तिने पुन्हा समजावले आणि सगळी तपासणी पहिल्यापासून केली. दुसऱ्या वेळी रेषा बरीच वर, म्हणजे चांगल्या बाजूला, आली. हा प्रसंग मुद्दाम सांगितला, कारण तपासणारा माणूस घाईत असता, तर पहिलाच कागद खरा मानून त्याप्रमाणे मशीन लागले असते आणि ते पुन्हा पेटीत गेले असते.

तो कागद वाचायला फारसे कठीण नाही. डावीकडून उजवीकडे पट्टी चढत जाते, २५० हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला २५० कंपांपासून, ८००० हर्ट्झपर्यंत. वरून खाली आवाजाचा जोर वाढत जातो, डेसिबलमध्ये. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, तर निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. प्रत्येक पट्टीवर माणसाला कसाबसा ऐकू येणारा सर्वांत हलका आवाज शोधून तेथे खूण करतात. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. रेषा २५ डेसिबलच्या रेघेच्या वरच्या बाजूला राहिली तर कान चांगला, जितकी खाली तितका मंद. हेडफोननंतर हीच तपासणी कानामागच्या हाडावर एक छोटी कंपक डबी लावूनही करतात. पाटाचे पाणी शेतात पोचत नसेल तर टँकर थेट शेतात रिता करून पाहावा, तसे ते आहे. हाडातून चांगले ऐकू आले आणि हवेतून आले नाही, तर दोन रेषांमध्ये अंतर पडते आणि दोष पाटात, म्हणजे वाटेत, असल्याचे ठरते. माझ्या एका चुलत बहिणीच्या कागदावर असेच अंतर निघाले होते. बाळंतपणानंतर तिला कमी ऐकू येऊ लागले होते आणि सासरी ‘लक्ष नसते’ म्हणून ती बोलणी खात होती. तिच्या कानातील रिकिबीच्या आकाराचे सर्वांत लहान हाड जागेवर घट्ट झाले होते, आणि ते काढून कृत्रिम दांडी बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो कान जवळजवळ पूर्ववत झाला.

बाबांच्या कागदावर अंतर नव्हते. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून खाली उतरल्या होत्या : ५०० हर्ट्झवर ३०, १००० वर ४०, २००० वर ५५ आणि ४००० वर थेट ८०. त्यानंतर ८००० वर रेषा किंचित वर उचलली होती, ७० वर. ४००० पाशी पडलेल्या या खड्ड्यावर मुलीने पेन्सिल टेकवली आणि विचारले, “बाबाजी, मोठ्या आवाजाचं काम काय करत होता?” आम्ही थ्रेशरचे नावही काढलेले नव्हते.

कारण असे आहे. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी, साधारण अडीच वेढ्यांची एक नळी असते आणि तिच्यात सुमारे १५ हजार केसल पेशी ओळीने उभ्या असतात. प्रत्येक ओळीची पट्टी ठरलेली. वरच्या पट्टीच्या पेशी दाराजवळ, खालच्या पट्टीच्या आत टोकाला. मोठ्या आवाजाचा मार प्रामुख्याने ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशींवर बसतो, आणि माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही साधारण सुरक्षिततेची सीमा मानली जाते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटे. थ्रेशरजवळचा आवाज ९० च्या वर सहज जातो. हंगामात बाबा दहा-बारा तास त्याच्याजवळ उभे असत, भुकटीपासून नाकाला दुपट्टा बांधून. कान उघडेच. आमच्याकडील जिनिंगमधील कामगार, ट्रॅक्टरचालक आणि हल्ली वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचणारी पोट्टी याच हिशेबात येतात. फरक एवढाच की बाबांना त्याची मजुरी मिळत होती.

त्यानंतर शब्दांची परीक्षा झाली. ऐकू येईल एवढ्या मोठ्याने २५ शब्द उच्चारले गेले आणि बाबांनी ते परत म्हणायचे होते. १९ बरोबर आले. आवाज पुरेसा मोठा असूनही चुकलेले ते सहा शब्द फार महत्त्वाचे होते, कारण मशीन लावल्यावरही किती समजेल याचा अंदाज त्यावरून येतो. “तरुणपणीचा कान मिळणार नाही,” असे त्या मुलीने तेव्हाच स्पष्ट सांगितले. शिबिरात हे कोणी सांगितले नव्हते.

सरकारी मदतीविषयी लोक हमखास विचारतात, म्हणून सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीवर ६० डेसिबलपासून पुढे श्रवणदोष असेल तरच तो दिव्यांगत्वात धरला जातो. बाबांची सरासरी ५१ निघाली, त्यामुळे प्रमाणपत्र नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजू माणसाला ३००० रुपये एकदाच खात्यात मिळतात. ते आले, आणि त्याबद्दल तक्रार नाही. मात्र दोन कानांच्या डिजिटल मशीनचे आम्हाला ४२ हजार पडले, म्हणजे त्या वेळच्या भावाने सहा क्विंटल कापूस. जवळून ऐकू येणाऱ्या, पण सौद्यात, सभेत आणि देवळात हरवून जाणाऱ्या माणसाला आपल्या कायद्यात जागा नाही, हे मला खटकते.

मशीन घेतले आणि संपले, असे होत नाही. आधी कानात दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा सरकवून, त्यावर मऊ लगदा भरून कानाचा साचा घेतला. त्यावरून प्रत्येक कानाचा वेगळा मोल्ड बनून आला, त्यामुळे शिट्टी बंद झाली. मग संगणकाला जोडून, त्याच कागदाप्रमाणे, ४००० पाशी अधिक आणि ५०० पाशी थोडे, असे मशीन लावले आणि मोठ्या आवाजाला आतून झाकण घातले. पहिल्या दिवशी बाबा घरी येऊन विचारू लागले की हे चरचर काय वाजते. ती त्यांचीच चप्पल होती. वर्तमानपत्राची पाने, कुकरची वाफ, छपरावरची चिमणी, सगळेच त्यांना भांडायला उठल्यासारखे वाटत होते. इतकी वर्षे हे आवाज न मिळालेल्या मेंदूला ते पुन्हा बाजूला सारायला शिकावे लागते, आणि त्याला काही आठवडे लागतात. म्हणून पहिला आठवडा फक्त घरात, एका माणसाशी, मग अंगणात, मग पारावर, बाजार सर्वांत शेवटी, असे वेळापत्रक दिले होते. बरीच मशीन या पहिल्या महिन्यातच पेटीत जातात, आणि आमचेही दोनदा जाता जाता राहिले.

बॅटरीचा घोळ वेगळाच. १३ नंबरच्या या गोळीएवढ्या बॅटरीवर नारिंगी चिकटपट्टी असते. ती काढली की छिद्रांतून हवा आत जाते आणि बॅटरी सुरू होते. मग वापरा वा न वापरा, ती उतरत जाते. बाबा रात्री मशीन काढून पट्टी पुन्हा नेमाने चिकटवत आणि ‘वाचवली’ म्हणत. पट्टी लावून काही वाचत नाही. मशीनचे दार उघडे ठेवावे, म्हणजे ते बंद राहते आणि घामाची ओलही सुकते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घामानेच मशीन जास्त बिघडतात, त्यामुळे रात्री ते ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवावे लागते. त्या वर्षी पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या तेव्हा बाबांनी आमच्या बैलाच्या घुंगरमाळेतील एक घुंगरू फुटके असल्याचे सांगितले. तपासले तर खरेच फुटके होते.

आता आईची गोष्ट, जी कानाची आहे असे आम्हाला स्वप्नातही वाटले नव्हते. पहाटे कूस बदलताना तिला घर गरागरा फिरताना दिसले. अर्धा मिनिट, फार तर पाऊण. मग थांबले, पण ओकारी सुरू झाली. उठताना पुन्हा, वर फळीवरचा डबा काढताना पुन्हा. गावातील डॉक्टरांनी बीपी पाहिला, कमजोरी म्हणून दोन सलाइन लावल्या. तालुक्याला मानेचा एक्स-रे काढून मणक्यात गॅप असल्याचे सांगण्यात आले आणि गळ्यात पट्टा आला. (साठीच्या पुढे ज्याच्या मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसणार नाही असा शेतकरी मला दाखवावा.) चक्कर दाबण्याच्या गोळ्या तीन महिने चालल्या, आणि आई दिवसभर गुंगीत, भिंत धरून चालू लागली.

बाबांच्या मशीनची जुळणी करायला गेलो तेव्हा सहज म्हणून तिलाही दाखवले. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले : चक्कर किती वेळ टिकते, आणि ती कूस बदलताना येते का? मग तिला खाटेवर बसवून, मान उजवीकडे ४५ अंश वळवून, झटकन मागे आडवे केले, डोके खाटेच्या कडेवरून किंचित खाली. तीन-चार सेकंद काही झाले नाही. मग आई किंचाळली, आणि तिचे डोळे माझ्या समोर गोल फिरल्यासारखे थडथडू लागले. डॉक्टर शांतपणे घड्याळ बघत होते. अर्ध्या मिनिटात डोळे थांबले. “उजवा कान, मागची नळी,” ते म्हणाले.

अंतर्कर्णात ऐकण्याच्या शंखाशेजारीच तोल सांभाळणारा भाग असतो. तेथे एका पिशवीत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म खडे चिकट थरावर बसलेले असतात. वयाने, डोक्याला मार लागून किंवा विनाकारणही काही खडे सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोके हलले की हे खडे घरंगळून नळीतील द्रव ढवळतात आणि शरीर स्थिर असताना मेंदूला ‘फिरतो आहे’ असा खोटा निरोप जातो. रॉबर्ट बारानी यांनी ही चक्कर १९२१ साली वर्णन केली. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये ती खाटेवर ओळखण्याची रीत पक्की केली. आणि अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून खडे आल्या वाटेने परत पिशवीत ओतण्याची युक्ती काढली. आईवर तीच केली. लटकलेले डोके मिनिटभर तसेच, मग दुसऱ्या बाजूला ९० अंश, मग अंगासकट कुशीवर जाऊन तोंड जमिनीकडे, आणि मग सावकाश उठून बसणे. पाच मिनिटांत झाले. आई आठवडाभर भीतीने उजव्या कुशीवर झोपली नाही, पण चक्कर गेली. वर्षभराने एकदा परत आली. खडे पुन्हा सुटू शकतात, हे आधी सांगितलेले असल्यामुळे या वेळी सलाइनकडे न जाता आम्ही सरळ त्याच खाटेकडे गेलो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या दोन-चार दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूला तोल पुन्हा जुळवून घेण्यासही अडथळा करतात.

प्रत्येक चक्कर अशी नसते. चक्करेबरोबर जीभ जड होणे, एकाचे दोन दिसणे, हातपाय लुळा पडणे किंवा उभेच राहता न येणे असेल, तर तो कान नसून मेंदूचा झटका असू शकतो. तेथे वेळ न घालवता मोठे रुग्णालय गाठावे. आणि चक्कर मिनिटभर नव्हे तर तासन्‌तास टिकत असेल, तिच्यासोबत एका कानात दडा, घूं-घूं आवाज आणि कमी-जास्त होणारा बहिरेपणा असेल, तर मेनिएर यांच्या नावाच्या विकाराचा विचार करतात. प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम मांडले की अशी चक्कर डोक्यातून नव्हे, कानातून येते. तोवर अशा रुग्णांवर मेंदूचेच उपचार होत. आपल्याकडे मेंदूची जागा मणक्याने घेतली आहे, एवढाच फरक. या विकारात मीठ कमी करायला सांगतात. लोणचे, पापड आणि ठेच्यावर जेवणाऱ्या घरात ते औषधापेक्षा अवघड जाते.

सर्वांत वाईट वाटते ते माझ्या एका सहकारी शिक्षकाचे. एका सकाळी उठल्यावर त्यांचा डावा कान बंद होता. दुखणे नाही, वाहणे नाही. औषधाच्या दुकानातून मळाचे थेंब घेतले, सर्दी असेल म्हणून वाफ घेतली, आणि परीक्षा संपेपर्यंत थांबले. तीन आठवडे गेले. पडद्यामागे काहीच नव्हते; आतली बाजूच गेली होती. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन पट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा अधिक श्रवण अचानक गेले तर ती कानाची तातडीची अवस्था समजतात. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दिवसांत अधिक, दोन आठवड्यांनंतर बराच कमी. त्यांना गोळ्या आणि पडद्याआड इंजेक्शने दिली, थोडेच परत आले. डॉक्टरांनी सांगितलेली एक घरगुती खूण मी तेव्हापासून शाळेत सर्वांना सांगत असतो : एक कान अचानक बंद झाला तर तोंड मिटून ‘हं’ असा लांब सूर काढावा. तो बंद कानात घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी गाडी पकडावी. वेबर यांचा चिमटाच तो, फक्त आपल्या गळ्यातला.

मुलांचे मी थोडक्यात सांगतो, जरी खरे काम तेथेच आहे. आमच्या अंगणवाडीतील एक मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती. तिच्या आजीने मागे थाळी वाजवून पाहिली होती आणि मुलगी वळली होती, म्हणून सर्व निश्चिंत होते. थाळीचा ठणका जमिनीतून जाणवतो, समोरच्याची नजर हलते, आणि खालच्या पट्टीचा थोडा कान शिल्लक असला तरी मूल वळते. बोलणे शिकायला मात्र तेवढा कान पुरत नाही. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले की निरोगी अंतर्कर्ण स्वतःही अतिशय सूक्ष्म आवाज परत पाठवतो, आणि त्यावर आधारलेली तपासणी झोपलेल्या तान्ह्या बाळाची दोन मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात ही तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा संकेत आहे. ही मुलगी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सापडली, झोपवून डोक्याला तारा लावून, आवाजाला नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते पाहणारी बेरा तपासणी झाली, दोन्ही कानांना मशीन लागले, आणि आता कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायच्या यंत्रासाठी, तिची कागदपत्रे चालू आहेत. तिची आई दर आठवड्याला तिला घेऊन वाणीउपचारासाठी वर्ध्याला जाते. सोयाबीन सवंगणीच्या दिवसांतही तिने एकही खेप चुकवलेली नाही.

मागच्या महिन्यात बाबांचा दुसरा कागद निघाला. उजव्या कानाची रेषा ४००० पाशी आणखी ५ डेसिबल खाली गेली आहे, डाव्याची आहे तेथेच आहे. त्याप्रमाणे मशीन पुन्हा जुळवून आणले आणि दोन्ही कागद एकत्र टाचून पिशवीत ठेवले. त्याच फेरीत बाबांनी वर्ध्याच्या बाजारातून कान झाकणारी प्लास्टिकची जोडी विकत घेतली, आता थ्रेशर चालवणाऱ्या आमच्या पुतण्यासाठी. परवा मी खळ्यावर गेलो तेव्हा ती त्याच्या गळ्यात लटकत होती, आणि त्याला हाक मारायला मला तीनदा ओरडावे लागले.